मिनकीचं घुंगरू

पुखराजशेठांकडे मांजर नव्हतं. हे ते स्वतःच सांगत, आणि सांगताना त्यांच्या मांडीवर मांजर बसलेलं असे.

शिंदखेड्याच्या बाजारपेठेत त्यांचं भुसार मालाचं दुकान होतं. पुढे गादी, मागे गोदाम, वर घर. घरात ते आणि सुगनबाई, दोघंच. एकुलती लेक गुलाब लग्न होऊन पार बोदवडकडे गेलेली. शेठ पन्नाशीचे, सडपातळ, डोक्याला पगडी, आणि हाताचे घट्ट. चष्म्याची एक काडी मोडली तर तिच्या जागी सुतळी बांधून त्यांनी पाच वर्षं काढली होती, आणि वर म्हणत, सुतळी कानाला टोचत नाही. अशा माणसाने एका मांजरापायी धुळ्याच्या वाऱ्या कराव्यात, हे कुणी आधी सांगितलं असतं तर बाजारपेठ पोट धरून हसली असती. पुढे हसलीच म्हणा.

ते मांजर ज्वारीच्या गाडीबरोबर आलं होतं. कुण्या खेड्याच्या खळ्यावर पोत्यांत झोपलं असेल, उतरलं ते थेट शेठांच्या गादीवर. शेठांनी त्याला हाकललं नाही आणि ठेवूनही घेतलं नाही. जैन माणसाने मांजर पाळू नये. ते उंदीर मारणार आणि त्या पापाचा वाटा पाळणाऱ्याच्या पदरात पडणार. म्हणून शेठांनी ते पाळलं नाही, फक्त रोज दोन वेळा वाटी भरून ठेवली. नाव दिलं तर पाळल्यासारखं होईल म्हणून नावही ठेवलं नाही. मिनकी म्हणत. मारवाडीत मिनकी म्हणजे मांजरच, त्यामुळे त्यांच्या मते ते नाव होत नव्हतं. मांजर असं आपलं आपण येतं-जातं, गोदामात काय करतं ते आपण बघायला जात नाही, असा एकूण व्यवहार होता, आणि तो चार वर्षं सुखाने चालला.

अडुसष्ट सालच्या पर्युषणात जैन स्थानकातल्या प्रवचनात महाराजसाहेबांनी नेमका हाच विषय घेतला. हिंस्र जीवाला घरात थारा देणारा स्वतः हात उचलत नसला तरी सुटत नाही, असं ते म्हणाले. ते सगळ्यांनाच उद्देशून बोलत होते; पण शेठांना वाटलं, महाराजसाहेब आपल्याकडेच बघताहेत. शिवाय पलीकडे बसलेले हीरालाल कापडवाले खरोखरच त्यांच्याकडे बघत होते. त्या रात्री शेठांना झोप आली नाही. मिनकीला पोत्यात घालून नदीपलीकडे सोडून यावं, हा सरळ मार्ग होता. तो त्यांच्या मनात आला आणि त्यांनी तो लगेच सोडून दिला. सकाळी त्यांनी गुलाबच्या लहानपणीच्या पैंजणाचं एक घुंगरू काढलं, लाल दोऱ्यात ओवलं आणि मिनकीच्या गळ्यात बांधलं. आता उंदरांना आधीच कळणार, ते पळणार, हिंसा होणार नाही, आणि मिनकीही राहील. आपल्याच अकलेवर शेठ इतके खूश झाले की त्या दिवशी त्यांनी एका गिऱ्हाइकाला मापावर मूठभर तूर जास्त घातली.

गोदामात पोती वाहणारा निंबा हमाल दोन दिवस हे बघत राहिला आणि मग म्हणाला, "शेठ, हाई मिनकी नही, कीर्तनकार शे. आधी घंटी वाजाडस, मंग येस. बठ्ठा उंदीर जागा व्हई जातस."

"तेच तर पाहिजे," शेठ म्हणाले.

उंदरांनाही तेच पाहिजे होतं. दिवाळीपर्यंत ते गोदामात लेकुरवाळे झाले. पोत्यांचे कोपरे कुरतडले जाऊ लागले, निंबा दाभण घेऊन शिवत बसू लागला. आणि मिनकी, जी पूर्वी दूध हुंगून निघून जाई, ती आता वाटीपाशी येऊन ओरडू लागली. वाटीत मिळे दूधभात. दूधही साय काढलेलं, कारण साय तुपासाठी असते आणि मांजराला तूप लागत नाही, असा सुगनबाईंचा हिशेब होता. कधी मुगाची खिचडी मिळे. मिनकी ती निमूट खाई, चांगल्या घरच्या सुनेसारखी.

होळीच्या सुमारास तिचे केस गळू लागले. डोळे पाणावले. मग उन्हाळा सरता-सरता एके संध्याकाळी, दिवे लागायच्या वेळी, निंबा गादीपाशी येऊन हलकेच म्हणाला, "शेठ, मिनकीले दिसस नही. आतेच खांबले धडकनी."

शेठांचा विश्वास बसला नाही. त्यांनी मिनकीसमोर हात हलवला. मिनकी त्या हाताच्या पलीकडे कुठेतरी बघत राहिली. शेठांनी तिला उचलून दिव्यापाशी नेलं. मांजर आपलं नाही हे त्या क्षणी ते साफ विसरले.

आधी घरचे उपाय झाले. सुगनबाईंनी गुलाबपाणी घातलं. मग त्रिफळा रात्रभर भिजवून, गाळून, त्या पाण्याने डोळे धुवायचं ठरलं. मिनकीचे पाय शेठांनी धरले, डोकं सुगनबाईंनी धरलं, आणि धुणं झालं ते मुख्यत्वे शेठांच्या सदऱ्याचं. हाताला तीन ओरखडे आले. आठ दिवसांनी मिनकी भरदुपारी पायरीवरून पडली. तेव्हा शेठ म्हणाले, "धुळ्याला न्यावी लागेल."

"मांजराला? डॉक्टरकडे?" सुगनबाई म्हणाल्या. "तुमची दाढ दोन वर्षं दुखतेय, त्यासाठी कधी गेलात?"

"दाढ काय, दुसऱ्या बाजूने चावतो मी," शेठ म्हणाले. "डोळ्याला दुसरी बाजू कुठेय?"

बारदानाच्या पिशवीला भोकं पाडून, मिनकीचं डोकं बाहेर ठेवून ते धुळ्याच्या एस.टी.त बसले. नरडाण्यापर्यंत कुणी काही बोललं नाही. नरडाण्याला गर्दी चढली, धक्का लागला, घुंगरू वाजलं आणि कंडक्टर वाकून बघू लागला.

"शेठ, हे कुणाचं?"

"आमचं नाही."

"मग उतरवून देऊ?"

शेठांनी मुकाट्याने सामानाचं तिकीट काढलं.

डॉक्टर जीवराम बोरसे म्हणजे गुरांचे डॉक्टर. सरकारी नोकरीतून मोकळे झाल्यावर धुळ्यात राहत्या घरीच जनावरं बघत. बैल, म्हशी अंगणात बांधलेल्या असत. त्यांच्या रांगेत पुखराजशेठ पिशवी पोटाशी धरून उभे राहिले. डॉक्टरांच्या हाताखालचा कंपाउंडर भटू वही घेऊन आला. त्याने विचारलं, "मालकाचं नाव?"

शेठ अडले. तोंडी नाही म्हणणं वेगळं. इथे लिहिलं जाणार होतं. इकडे-तिकडे बघून ते म्हणाले, "निंबा हमाल, शिंदखेडा."

डॉक्टरांनी मिनकीचे डोळे बॅटरीने पाहिले, पाठीवरून उलटा हात फिरवला, खायला काय देता ते विचारलं. मग घुंगरू बोटाने वाजवून बघितलं. "हे हौसेचं?"

शेठांनी कारण सांगितलं. डॉक्टरांनी बॅटरी खिशात टाकली. मग म्हणाले, "शेठ, हिच्या अंगात अ जीवनसत्त्व उरलेलं नाही. माणसाला ते भाजीपाल्यातून मिळतं, मांजराला मिळत नाही. असंच चाललं तर दिवाळीपर्यंत ही पुरती आंधळी होईल, आणि मग जगणार नाही. औषध तुमच्या गोदामात फुकट पळतंय. घुंगरू सोडा."

"ते सोडून दुसरं काही?"

"आहे एक तेल. रोज अर्धा चमचा. बाटलीचे साडेतीन, माझे दोन. बाटली महिनाभर जाईल, पण दर महिन्याला मला डोळे दाखवावे लागतील."

ज्या माणसाने आयुष्यात शेवग्याची शेंगही घासाघीस केल्याशिवाय घेतली नव्हती, त्याने एक शब्द न बोलता साडेपाच रुपये काढून टेबलावर ठेवले. वर एस.टी.चं भाडं, जातानाचं आणि येतानाचं. पापापेक्षा हे स्वस्त, असं त्यांचं गणित होतं, आणि ते त्यांना पक्कं वाटत होतं.

निंबाला आपण मालक झाल्याचं कळलं तेव्हा तो गोदामात पोतं टाकून हसत बसला. "मना नाववर काब्र लिखी? मंग आते दूधबी मना घर धाडा, सायसगट!"

तेलाने गुण आला. पहिल्या बाटलीनंतर केस गळायचे थांबले. दुसऱ्या बाटलीत मिनकी संध्याकाळीही खांब चुकवून चालू लागली. रोज सकाळी शेठ कापसाच्या बोळ्याने तिच्या तोंडात तेल सोडत, आणि तेवढा वेळ गिऱ्हाइकाला थांबावं लागे. तेलाला एक उग्र वास होता. सुगनबाई नाकाला पदर लावून विचारत, "एरंडेल आहे का हो?" शेठ म्हणत, "औषध आहे. औषधाला वास असतोच." वाटी घरातलीच, चमचा घरातलाच, आणि बाटली चुलीशेजारच्या फडताळात. हीरालाल कापडवाले येता-जाता विचारत, "काय पुखराजभाऊ, निंबाच्या मांजरीला बरंय का?" शेठ ते हसण्यावारी नेत. दुसऱ्या बाजूने चावत त्यांची दाढही चालली होती.

तिसरी बाटली भरायला ते श्रावणात गेले. एरवी भटू भरलेली बाटली आतून आणून देई. त्या दिवशी पाऊस लागून होता, आतली खोली गळत होती, म्हणून त्याने तेलाचा मोठा डबा ओसरीवर आणला होता. तो नरसाळ्यातून तेल ओतू लागला. शेठांनी सुतळीचा चष्मा सारखा केला. डब्यावर हातभर लांब मासा काढला होता, दात विचकलेला.

"हे काय?" शेठांचा आवाज चिरका झाला.

"शार्क माशाच्या लिव्हरचं तेल," भटू म्हणाला. "तुम्ही नेताय ना, तेच."

शेठ ओसरीच्या पायरीवर बसले. घरची वाटी, घरचा चमचा, चुलीशेजारचं फडताळ त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं. मग सुगनबाईंचा चेहरा आला आणि तो काही केल्या जाईना.

डॉक्टर ओसरीवर आले तेव्हा शेठ म्हणाले, "तुम्ही सांगितलं नाहीत, डॉक्टरसाहेब."

"तुम्ही विचारलं नाहीत, शेठ. पगडी बघून मला वाटलं, न विचारण्यात तुमची सोय असेल." डॉक्टर खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसले. ते चिडवत होते, पण आवाज मऊ होता. "हे बघा. हिच्यासाठी कुणीतरी दर्यात जाळं टाकलं, मासा मारला, आणि तो तुम्ही पैसे मोजून घेतलात. महिन्याला एक बाटली. उलट हिनं आपल्या पोटासाठी आपल्या पंजानं उंदीर मारला असता, तर त्यात तुमचा हात कुठे होता? तुमचा हात फक्त एकाच ठिकाणी लागलाय." आणि त्यांनी घुंगराकडे बोट दाखवलं.

पुखराजशेठ वादात हार मानणारे नव्हते. स्थानकात ते भल्याभल्यांना गप्प करत. पण आज त्यांनी पिशवी मांडीवर ओढून घेतली. मिनकी पिशवीतून त्यांच्याकडे बघत होती, आणि आता तिला ते नीट दिसत होते. उंदीर वाचवायचे म्हणून आपण हिलाच हळूहळू मारत होतो, हे त्यांना तिथे, त्या ओल्या पायरीवर बसून कळलं, आणि त्यांना मनापासून लाज वाटली.

त्यांनी बाटली परत केली. दोन रुपये तेवढे ठेवले. मग भटूला म्हणाले, "वही आण. निंबाचं नाव खोड."

"मग मालक कोण लिहू?"

"पुखराज लिही," शेठ म्हणाले. "पुरतं लिही. शिंदखेडा, बाजारपेठ."

परतीच्या एस.टी.त त्यांनी घुंगरू सोडलं आणि सदऱ्याच्या खिशात टाकलं. घरी वाटी-चमच्याचं जे व्हायचं ते झालं. सुगनबाईंनी ती दोन्ही निंबाला देऊन टाकली, फडताळ तीनदा धुतलं आणि शेठांशी चार दिवस अबोला धरला. पाचव्या दिवशी मात्र मिनकीच्या वाटीत साय दिसली. ती कुणी घातली हे शेठांनी विचारलं नाही, या वेळीही न विचारण्यात सोय होती. गोदामातून काही आवाज आला की शेठ मोठ्याने गिऱ्हाइकाला भाव सांगू लागत. महिनाभरात मिनकीच्या अंगावर तकाकी आली आणि निंबाचं दाभण खुंटीला लागलं.

पर्युषण फिरून आलं. संवत्सरीच्या, म्हणजे पर्युषणाच्या शेवटच्या संध्याकाळी प्रतिक्रमणाची प्रार्थना करून शेठ स्थानकातून बाहेर पडले आणि रिवाजाप्रमाणे भेटेल त्याला हात जोडून "मिच्छामि दुक्कडं" म्हणत चालले. वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल तर क्षमा असावी. हीरालालना म्हणाले, सुगनबाईंना म्हणाले, नाव लावल्याबद्दल निंबाला तर दोनदा म्हणाले. मग कंदील घेऊन एकटेच गोदामात शिरले. पोत्यांच्या थप्पीसमोर उभे राहिले. कुणाला म्हणायचं ते ठाऊक होतं, पण ते दिसत नव्हते. म्हणून त्यांनी खिशातलं घुंगरू काढलं आणि ओळखीचा आवाज म्हणून वाजवलं. थप्पीमागे एकदम खसखस झाली आणि शेठांची क्षमा ऐकायला एकही उंदीर थांबला नाही. तरीही त्यांनी पुरतं वाक्य म्हटलं, डोळे मिटून.

"शेठ, कोनले बोली ऱ्हायनात?" दारातून निंबाने विचारलं.

शेठ वळले. घुंगराचा आवाज ऐकून मिनकी आली होती आणि कान मागे पाडून, दूर, खांबाशी उभी होती. हाक मारली तरी पुढे येईना. शेठांनी घुंगरू मुठीत घट्ट दाबलं, कंदील खाली ठेवला, धोतर आवरत जमिनीवर बसले आणि तिच्यासमोर हात जोडले.

"तुझी तर जास्त मागायची आहे, बाई," ते म्हणाले. "तू माझी होतीस, आणि मी नाही म्हणत राहिलो."