मानोल चौकात बोलला तो दिवस

मानोल शाळेच्या तळघरात कोळशाची भट्टी सांभाळायचा. सबंध हिवाळा पोरांचे वर्ग त्याच्यामुळे उबदार राहायचे, पण निम्म्या मास्तरांनी त्याचा आवाज कधी ऐकलेला नव्हता. घरातलं बोलायचं खातं त्याच्या धाकट्या बहिणीकडे, एलित्साकडे होतं. दोघांचीही लग्नं झाली नाहीत. आई गेल्यावर वरच्या आळीतल्या त्या घरात ही दोघंच उरली. माझं घर भिंतीला भिंत लागून. पलीकडे एलित्सा पाद्रीबाबांची नाहीतर मुख्याध्यापिकेची नक्कल करायची आणि अलीकडे मी चूल फुंकताना एकटीच हसायची.

एलित्साला लहानपणापासून साखरेचा आजार होता. रोज सुई टोचून घ्यायची, वर म्हणायची, "मी म्हणजे आमच्या घरातली उशी. सुया माझ्यातच खुपसून ठेवतात."

सत्त्याण्णवच्या त्या हिवाळ्यात मात्र तिच्या थट्टेला ओहोटी लागली. सकाळी हातात आलेल्या पगाराची संध्याकाळी रया गेलेली असायची. बँका बंद पडल्या, पावाच्या रांगा चौकाला वळसा घालून पायऱ्यांवर चढल्या, कोळसा नाही म्हणून शाळेला कुलूप लागलं. आमचं गाव डोंगराच्या उतारावर, चौकावर चौक रचल्यासारखं, मधे नुसत्या दगडी पायऱ्या. सगळ्यांत खाली बसगाड्या थांबायच्या तो गाड्यांचा चौक. तिथे ड्रायव्हर लोकांनी आपल्याच बसगाड्या रस्त्यावर आडव्या लावल्या होत्या. सरकार जाईपर्यंत वाहन आत नाही, बाहेर नाही. आम्हीही तिथे जाऊन पातेली बडवून आलो होतो. मानोल यायचा, मागे उभा राहायचा, पातेलं काखेत धरून परत जायचा.

औषध संपत आलंय हे एलित्साने त्याला सांगितलंच नाही. आधी ती अर्धी मात्रा घ्यायला लागली, मग तिच्याही अर्धी. एका सकाळी मानोल माझ्या दारात उभा राहिला. टोपी हातात, तोंड पांढरंफटक.

"जरा येता का? ती उठत नाहीये नीट."

मी गेले. एलित्सा भिंतीकडे तोंड करून पडली होती. उशाशी पाण्याचे दोन रिकामे जग. श्वासाला कुजक्या सफरचंदासारखा वास येत होता. हाक मारली की डोळे उघडायची, ओळखायची, पुन्हा मिटायची. मानोलने कपाटातली कुपी उजेडाकडे धरली. तळाशीही काही नव्हतं.

शेजारच्या पुरुषांना बोलावून, तिला लाकडं आणायच्या घसरगाडीवर गुंडाळून इस्पितळात न्यायचं मी माझ्याकडे घेतलं. मानोल औषध शोधायला निघाला. पुढचं मला ज्यांनी ज्यांनी त्याला पाहिलं त्यांच्याकडून कळलं.

आधी तो झऱ्याच्या चौकात गेला. औषधाच्या दुकानाचं दार बंद होतं. तो दार ठोठावत राहिला, तेव्हा दुकानवालीने ते बोटभर उघडलं. साध्या डोकेदुखीची गोळीसुद्धा नाही म्हणाली, आणि त्याच्या तोंडाकडे बघून रडायलाच लागली. तिथून तो चर्चच्या चौकात चढला. त्या बाजूला राहणाऱ्या एका मास्तरांची आई याच आजाराची होती. ती मुलीकडे राहायला गेलेली, औषध बरोबर घेऊन. तिथून मागच्या पायऱ्यांनी मेंढीबाजाराच्या चौकात. बर्फाखाली गोठलेल्या पायऱ्यांवर तो दोनदा पडला. एका गुडघ्यावर पँट फाटली होती, ती मी नंतर पाहिली.

मेंढीबाजाराच्या चौकात वेलिका म्हातारी राहायची. एकटी, लेक परदेशात, तिलाही साखरेचा आजार. तिने त्याला आत घेतलं, चुलीपाशी बस म्हणाली. तो बसला नाही. म्हातारीने खिडकीच्या दुहेरी तावदानांमध्ये गारव्याला ठेवलेली कुपी काढून त्याच्या हातावर ठेवली.

"तुमचं काय?" मानोलने विचारलं.

"माझी दुसरी आहे. जा लेका, उभा काय राहिलास."

त्याने कुपी कोटाच्या बाहेरच्या खिशात घातली आणि धावत सुटला. सरळ रस्ता गाड्यांच्या चौकातून, पण तिथे गर्दी भिंतीसारखी उभी. म्हणून तो नदीकाठच्या वाटेने वळसा घालून गेला. त्या दिवशी नदीसुद्धा गोठली होती. खोऱ्यातून वारा असा येत होता की पापण्या चिकटाव्यात.

इस्पितळात एलित्साला सलाईन लावलेलं होतं. डॉक्टरांनी मला सांगून ठेवलं होतं, नुसत्या पाण्यावर ही फार वेळ तग धरणार नाही. मानोल धापा टाकत आला, कुपी नर्सच्या हातात दिली. नर्सने ती हलवली. आत काही हललं नाही.

"गोठलंय हो हे."

"मग वितळवू. चुलीपाशी धरतो."

"गोठलं की त्याचा गुण जातो, दादा. हे टोचलं तरी पाणी टोचल्यासारखंच."

मानोलने ती कुपी परत घेतली. मुठीत दाबून भिंतीला टेकला आणि हळूहळू खाली बसला. मी आयुष्यात पुष्कळ रडणं पाहिलंय. हा रडत नव्हता. ज्या खिशात कुपी ठेवली होती, त्या खिशावर तो दुसऱ्या हाताने मारत होता. मी हात धरला तर म्हणाला, "आत ठेवायला काय झालं होतं मला? अंगाशी?" मग उठला आणि बाहेर पडला. डोळे असे होते की मी एलित्साला नर्सवर सोपवून त्याच्या मागे गेले.

तो गाड्यांच्या चौकात गेला. पिंपांत लाकडं पेटलेली, पातेली वाजत होती, राइचो ड्रायव्हर स्मारकाच्या पायऱ्यांवर कर्णा घेऊन घोषणा देत होता. मानोल लोकांना कोपरांनी ढकलत वर चढला आणि राइचोच्या हातातला कर्णा घेतला. राइचो इतका चकित झाला की त्याने तो सोडून दिला.

"मी मानोल. शाळेतला," तो म्हणाला. कर्ण्यातून त्याचा आवाज घरांवर आपटून परत आला आणि तो स्वतःच दचकला. "माझी बहीण मरतेय. इन्सुलिन पाहिजे. मिळालं होतं, ते माझ्या हातून वाया गेलं. कुणाच्या घरी असेल तर द्या. मला दुसरं काही बोलता येत नाही."

पातेली थांबली. लोक एकमेकांकडे बघत होते. कुणी पुढे आलं नाही, कारण कुणाकडे नव्हतंच. राइचोने एक बस बाजूला घ्यायला सांगितलं, जिल्ह्याच्या गावाला गाडी जाऊ दे म्हणाला. पण घाटात ठिकठिकाणी असेच अडथळे होते. पोचून परत येईपर्यंत काय उरणार, हे सगळ्यांना कळत होतं.

तेवढ्यात मागून वाट फुटत आली. कोस्तादिन येत होता. सरकारी कोठाराचा व्यवस्थापक. आमचं पीठ सीमेपलीकडे विकलं म्हणून सकाळपासून आम्ही ज्याच्या नावाने शिव्या घालत होतो तोच. चौकातच त्याचं घर. पडद्याआडून त्याने ऐकलं असणार. त्याच्या बायकोला हाच आजार होता. हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेली एक कुपी होती.

"ग्रीसचा माल!" कुणीतरी ओरडलं. "इस्पितळाला नाही आणि ह्याच्या घरी आहे. विचारा त्याला कुठून आणलं!"

एकाने त्याची कॉलर धरली. कोस्तादिनने हात उंच केला, टॉवेल डोक्यावर. मानोलने पायऱ्यांवरून उडीच घेतली. कुपी घेतली, सदऱ्याची बटणं तोडून ती काखेत उघड्या अंगाला दाबली.

"त्याला नंतर विचारा," तो म्हणाला. "आधी मला जाऊ द्या."

वाट मिळाली. मागे कोस्तादिनवर कुणी थुंकलं, तेही मी पाहिलं.

एलित्सा त्या दिवशी वाचली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने डोळे उघडून सूप मागितलं, आणि फिकं आहे म्हणून नर्सला बोल लावला. पण त्या आजारपणाने तिची नजर मंदावली. विणकाम गेलं, नकला गेल्या. माणसाचा चेहराच दिसत नाही तर नक्कल कशाची करू, म्हणायची.

ती शुद्धीवर आल्यावर मानोल वेलिकाकडे गेला. त्याने सगळं खरं सांगितलं आणि कोस्तादिनच्या कुपीत उरलेल्यातलं अर्धं तिच्यापुढे ठेवलं. म्हातारीने ते सरकवून दिलं. "तरण्या पोरीच्या तोंडचं काढून मला देतोस? माझं आहे म्हटलं ना." आणि त्याला दह्याची वाटी खायला लावली.

आठवड्यातच रस्ते मोकळे झाले, सरकार गेलं, चौकाचौकात लोक नाचले. औषधाची गाडी यायला मात्र वेळ लागला. ती यायच्या आधीच वेलिका गेली. शेजाऱ्यांना तिच्या तावदानांमध्ये दुसरी कुपी सापडली. कोरडी, बऱ्याच दिवसांपूर्वी संपलेली.

कुणी गेलं की आमच्याकडे काळ्या चौकटीत फोटो लावतात, तिचा तो फोटो मेंढीबाजारातल्या झाडांवर चिकटवायचं काम मानोलने मागून घेतलं. खळीचा डबा गोठायला लागला, तर तो त्यात बोटं घालून बसायचा. एलित्साला वाटत होतं की औषध दिलं ते एकट्या कोस्तादिनने; वेलिकाच्या कुपीचं तिला काही ठाऊकच नव्हतं. तिला तसंच वाटू द्यायचं, असं आम्ही ठरवलं नव्हतं. पण सांगायला कुणाची जीभ वळली नाही. अंत्यविधीला ती माझ्या हाताला धरून आली आणि कानाशी म्हणाली, "मानोल इतका का रडतोय? आपली कोण होती ती?"

मी म्हटलं, थंडी आहे, चल, पुढे होऊन माती टाक.