दुसऱ्या बाजूचं ऑपरेशन

टेकचंदचा थोरला भाऊ गावाहून, कामठ्याहून, माझ्या शाळेत आला आणि दारातूनच म्हणाला, "गुरुजी, टेकचंद गेला जी." माझ्या तोंडून निघालं, "काही खाल्लं होतं का त्यानं?" मेलेल्या माणसाबद्दल कोणी असं विचारतं का? पण गेले काही महिने त्या घरात दुसरा प्रश्नच उरला नव्हता...

टेकचंद माझा लहानपणचा मित्र. धानाची शेती, तोंड तिखट. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा शाळेवर झेंडा लावायला बांबूवर तोच चढला होता. पुढे काही वर्षांनी त्याचा उजवा हात आपोआप पिळवटू लागला, मग मान, मग डावा हात. घास उचलला की हात भलतीकडेच जायचा. भात खांद्यावर, नाहीतर शेजारच्याच्या पानात. गावात कोणी करणी म्हणालं, कोणी वारं. नागपूरच्या डॉक्टरांनी मेंदूचा दुर्मीळ आजार म्हणून गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडायचं, डोळ्यांपुढे अंधुक व्हायचं. पीळ होता तसाच. टेकचंदनं पंगतीला जाणं सोडलं. त्याची बायको, सरस्वतीवहिनी, दार लावून त्याला भरवायची. "लेकरू झालो ना बे मी," मला म्हणायचा आणि भिंतीकडे बघायचा.

मग कळलं, मुंबईत अशा रोग्यांच्या डोक्याला छिद्र पाडून मेंदूतला एवढासा भाग निकामी करतात. मी सोबत गेलो. ऑपरेशनभर त्याला जागं ठेवलं होतं. डॉक्टर मधूनच हात उचलायला सांगत. बाहेर आणला तेव्हा उजवा हात चादरीवर निवांत पडला होता. त्या उन्हाळ्यात पुतणीच्या लग्नात तो पंगतीत बसला. पुन्हा पुन्हा भात मागत होता. वाढप्यानं पुरे का विचारलं, तर ओरडला, "कायले पुरे? वाढ! आपल्या हातानं जेवून राहिलो मी!" वहिनी डोळे पुसत मांडवामागे गेली. त्याचं तेवढं एक जेवणच दैवाला पाहवलं.

मान आणि डावा हात पिळतच होते. दुसऱ्या बाजूचंही ऑपरेशन करायचं त्यानं ठरवलं. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही: दोन्ही बाजू केल्या तर वाचा जाऊ शकते, गिळायलाही अडू शकतं. टेकचंद मला म्हणाला, "बोलून का करतो गड्या? बांध का बोलून बांधतेत? मले दोन्ही हात पायजेत." गिळण्याचं त्याच्या ध्यानातच राहिलं नाही. आपल्याला गिळता येणार नाही, असं कोणाच्या मनात येतं?

दोन्ही हात शांत झाले. वाचा गेली आणि घसाही गेला. चमच्यानं पेज पाजली तरी ठसका लागून जीव कोंडायचा. हातातोंडाशी आलेला घास गेला, असं आपण पिकाबद्दल किती सहज म्हणतो! मला आता ते ऐकवत नाही. डॉक्टरांवर माझा राग नाही. कोणावर करावा हेच कळत नाही, म्हणून जास्त जळतो.

शेवटचा भेटायला गेलो तेव्हा त्याची हाडं मोजावीत अशी गत झाली होती. वहिनीनं रिवाजाप्रमाणे माझं ताट वाढलं. मी नको नको म्हणत होतो. त्याच्यासमोर कसं जेवायचं? टेकचंदनं ताट स्वतःकडे ओढलं. वरणभात कालवला, घास केला आणि माझ्या तोंडापुढे धरला. हात जरासुद्धा हलला नाही. मी तोंड उघडलं. घास खाली उतरेपर्यंत तो माझ्या गळ्याकडे बघत राहिला... मग त्यानं दुसरा घास केला. सगळं ताट त्यानं मला असंच भरवलं, एक शीत सांडू दिलं नाही. अजून मला रोज भूक लागते, आणि रोज तिची लाज वाटते.