गाडी स्लो धरत नव्हती तेव्हा

माझा मोठा भाऊ दुसऱ्यांदा विलायतेला गेला, तेव्हा त्याची गाडी आमच्याकडे राहिली. पहिल्यांदा तो शिकायला गेला होता. बारा वर्षांनी परतताना ही गाडी जहाजातून घेऊन आला. तेव्हाही ती नवी नव्हती, चांगली पंधरा वर्षांची होती, पण इंजिन फ्युएल इंजेक्शनचं. जळगावात त्याने तीन वर्षं काढली. एमआयडीसीत एक नोकरी केली, मग दुसरी, आणि एक दिवस काही न बोलता परत जायचे कागद भरले. नव्वदच्या आसपासची ही गोष्ट. निघताना माझ्या हातात किल्ली देऊन म्हणाला, "आठवड्यातून एकदा तरी चालव. उभी ठेवू नकोस." कधी येणार हे त्याने सांगितलं नाही, आणि आबांनी, आमच्या वडिलांनी, विचारलं नाही.

आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे घरात आता मी आणि आबा, आम्ही दोघंच. मी मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. पहूरजवळची केळीची आणि कपाशीची शेती वाट्याने दिलेली होती. शनिवारी शाळा लवकर सुटली की मी आबांना गाडीत घालून शेतावर न्यायची. ते पुढे माझ्या शेजारी बसत. खिडकीची काच पूर्ण खाली, हात बाहेर. रस्त्यात ओळखीचं कोणी भेटलं की गाडी थांबवायला लावायचे आणि विचारायच्या आधीच सांगायचे, "पोराची आहे."

चैत्रातल्या एका शनिवारी पहूरला छोट्या रेल्वेचं फाटक बंद होतं. मी गाडी न्यूट्रलला टाकून थांबले, तर इंजिनाचा आवाज आपोआप चढला, मग पडला, पुन्हा चढला, पुन्हा पडला. आठ-दहा वेळा असं झालं आणि गाडी बंदच पडली. परत सुरू केली तर तेच. ॲक्सिलरेटरवर पाय ठेवला की ठीक, पाय काढला की वरखाली, स्लो धरतच नव्हती. घरी येईपर्यंत माझा उजवा पाय भरून आला होता. आबा उतरताना म्हणाले, "तो असता तर लगेच कळलं असतं त्याला."

नशिराबादच्या हायवेवर एका म्हाताऱ्या मेकॅनिकचं गॅरेज होतं. त्यांना सगळे नाना म्हणत. मूळचे साक्रीकडचे, इतकी वर्षं इकडे राहूनही बोलणं अहिराणीच. त्यांनी बॉनेट उघडलं, इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं, आणि चष्मा काढून पुसला.

"बाई, हाई गाडीले कार्बोरेटरच नही शे."

"नाही नाना. इंजेक्शनची आहे."

"ट्रक, जीप, ट्रॅक्टर, मी बठ्ठं खोलेल शे. हाई पहिल्यांदाच देखी ऱ्हायनू." मग त्यांनी पाना खाली ठेवला. "आधी कोनी तरी माले समजाई सांगा, मंग हात लावसू."

दुसरा कोणी असता तर दिसेल तो स्क्रू फिरवून मोकळा झाला असता. नानांनी हात लावला नाही, म्हणून पुढचं सगळं घडलं.

आमच्याकडे फोन नव्हता. शेजारच्या डॉक्टरांचा नंबर आम्ही पीपी म्हणून दिला होता. महिन्यातून एका रविवारी सकाळी तिथे भावाचा फोन यायचा. तीन मिनिटांचं बोलणं. तब्येत बरी? बरी. पाऊस? झाला. तुझं कसं? चाललंय. मग दोन्हीकडे शांतता. त्या रविवारी शांतता आली तेव्हा मी म्हणाले, "भाऊ, गाडी स्लो धरत नाही."

त्याचा आवाज एकदम जवळ आल्यासारखा झाला. "थंड असताना कशी चालते? गरम झाल्यावर बिघडते का? धूर कसला येतो?" मी सांगत गेले. त्याने मला शाळेतल्या मुलीसारखं समजावलं. इंजिनात जाणारी हवा आधी एका जागी मोजली जाते आणि तिच्या प्रमाणात पेट्रोल सुटतं. न मोजलेली हवा दुसरीकडून आत शिरली की पेट्रोल कमी पडतं. इंजिन दबतं, सावरतं, पुन्हा दबतं.

"चालू इंजिनवर ऑइलचं झाकण उघडून बघा. धडधाकट इंजिन लगेच अडखळतं. तुमचं अडखळलं नाही, तर हवा आधीच कुठून तरी घुसतेय असं समजा. पुढच्या रविवारी फोन करतो."

तो पुढच्या रविवारी म्हणाला, पुढच्या महिन्यात नव्हे. घरी येताना आबांनी मला हे दोनदा विचारून घेतलं.

तिथून आमचे रविवार बदलले. शनिवारी आम्ही नानांकडे जायचो, भावाने सांगितलेलं करून बघायचो आणि रविवारी त्याला कळवायचो. झाकण उघडलं तर इंजिनाला फरकच पडला नाही. मग त्याने सांगितलं, इंजिन गरम झाल्यावर थंड इंजिनाला जादा हवा देणारी नळी चिमटीत दाबून बघा. आवाज बदलला तर तिची झडप बंद होत नाही. पक्कडीला फडकं गुंडाळून ती नळी आबांनी दाबली. ज्या माणसाने आयुष्यात कधी पाना धरला नव्हता, तो बॉनेटमध्ये वाकून म्हणत होता, "आता दाबली. आता सोडली. काही फरक?" फरक नव्हता, म्हणजे झडप ठीक होती. आबांनी ते कॅलेंडरच्या पानामागे लिहून ठेवलं.

नानांनी सायकलच्या ट्यूबचा तुकडा कानाला लावून एकेक रबरी नळी ऐकली. एक चिरलेली सापडली, ती बदलली. गाडी थोडी सुधारली, पण वरखाली होणं गेलं नाही. फोन आता पंधरा मिनिटं चालायचे. शेवटी शेवटी भाऊ नानांशीही बोलला. नाना त्यासाठी धुतलेलं धोतर नेसून डॉक्टरांकडे आले होते.

जांभळं पिकायच्या दिवसांत दोष सापडला. चालू इंजिनवर प्रत्येक सांध्यावर पाण्याचे थेंब सोडा, असं भावाने सांगितलं होतं. पेट्रोल फवारणाऱ्या चौथ्या इंजेक्टरच्या बुडाशी नानांनी थेंब टाकले आणि ते आत ओढले गेले. क्षणभर इंजिनाचा आवाज पालटला.

"आठेच शे," नाना त्या जागेवर बोट ठेवून हळूच म्हणाले.

इंजेक्टर ओढून काढला तर त्याची रबरी रिंग उष्णतेने लाकडासारखी कडक झालेली, बोटाने दाबताच तुटली. बाकीच्या तिन्ही त्याच वाटेवर होत्या. पाइपच्या दुकानातून मापाच्या रिंगा आणून बसवल्या, तर तीन आठवड्यांत त्या पेट्रोलने मऊ पडल्या. मग भावाने टपालाने पाठवल्या. पाकिटात चार काळ्या रिंगा आणि त्या कशा बसवायच्या याचं त्याच्या हातचं चित्र. चित्र आबांनी मला परत दिलं नाही.

रिंगा बसल्या आणि इंजिन एका लयीत चालू लागलं. आबांनी झाकण उघडून बघितलं. इंजिन लगेच अडखळलं. नाना समाधानाने हसले.

रविवारी मी भावाला सांगितलं. "झालं?" तो म्हणाला. "झालं." "छान." आबांनी फोन घेतला. तब्येत बरी? बरी. तीन मिनिटंही झाली नाहीत. नंतरच्या रविवारी फोन आला नाही, त्याच्या नंतरच्याही.

श्रावणात एका शनिवारी गाडी पुन्हा वरखाली करू लागली. आबा म्हणाले, "कळवायला हवं त्याला." त्यांनी मला चिठ्ठी लिहायला लावली आणि फोन पुन्हा सुरू झाले. दोन आठवडे मी नळ्या तपासत होते. तिसऱ्या शनिवारी मला ऑइलचं झाकण अर्धं सैल दिसलं. मी घट्ट केलं. पुढच्या शनिवारी ते पुन्हा सैल होतं. आबा ओट्यावर बसून लक्षपूर्वक पेपर वाचत होते. मी झाकण तसंच राहू दिलं.

पण भावाला फसवणंही बरं वाटेना. मी स्टेशनजवळच्या बूथवरून त्याला फोन लावला. "गाडीला काही झालेलं नाही. आबाच झाकण सैल करतात."

"मला वाटलंच होतं," तो म्हणाला.

"मग दर रविवारी नवं नवं तपासायला का सांगत होतास?"

"मला तरी त्यांच्याशी दुसरं काय बोलता येतं गं?"

त्या हिवाळ्यात तो तीन आठवड्यांसाठी आला. आम्ही तिघं आत्याला भेटायला धुळ्याला गेलो. गाडी तो चालवत होता, आबा त्याच्या शेजारी, मी मागे. एरंडोलच्या पुढे आबांनी जे इतकी वर्षं विचारलं नव्हतं ते रस्त्याकडे बघत विचारलं, "इथे राहायचं नाही का जमत?"

"नाही जमत, आबा. तीन वर्षं खरंच प्रयत्न केला मी."

"हं," आबा म्हणाले. पुढे पारोळा लागलं. तिथे त्यांनी चहासाठी थांबायला सांगितलं आणि भावाच्या कपात आपल्या हाताने साखर घातली. लहानपणी तो दोन चमचे घ्यायचा, तेवढी. तो आता बिनसाखरेचा घेत असे. त्याने तो चहा संपवला.

तो गेला. वर्षभराने आबांच्या गुडघ्यांमुळे गाडीत चढणं-उतरणं होईना, तेव्हा आम्ही गाडी भुसावळच्या एका हौशी माणसाला देऊन टाकली. भावाचे फोन मात्र दर रविवारी येत राहिले. आबांनी नवा विषय शोधला होता. तिकडे केळी कुठल्या देशाची मिळतात, साल कशी, घड कापून किती दिवसांची असतील. भाऊ त्यासाठी शनिवारी बाजारात जाऊन नीट बघून यायचा. बोलणं संपून फोन बंद झाला तरी आबा थोडा वेळ रिसिव्हर कानाशी धरून बसत. डॉक्टरीणबाई हळूच आत निघून जायच्या.