पाळणाघराची बुटकी खिडकी

मुलुंडच्या पाळणाघराची इमारत आखायचं काम साहेबांनी माझ्या एकटीवर सोपवलं, तेव्हा मी ऑफिसात चक्क नाचले. आर्किटेक्ट म्हणून माझं पहिलंच स्वतंत्र काम, आणि त्यात माझा स्वार्थही होता. माझी अडीच वर्षांची लेक त्याच पाळणाघरात जायची. पाळणाघर तेव्हा भाड्याच्या दोन खोल्यांत होतं, आणि तिथे सोडताना ती रोज सकाळी इतकी रडायची, की मी नोकरी सोडायच्या बेतात होते.

सगळ्या आया करतात तेच मी करायचे. तिला खेळण्यात गुंतवायचं, चपला हातात घ्यायच्या आणि डोळा चुकवून पळायचं. म्हणून नकाशात खास मागचं दार काढलं. आई मागून सटकेल, पोराला पत्ताच नाही! काय डोकं चालतंय माझं, म्हणून मी स्वतःवरच खूश.

पाळणाघर चालवणाऱ्या मावशी मालवणकडच्या, तोंडावर बोलणाऱ्या. नकाशा बघून म्हणाल्या, "पळान जावक दार कित्याक गो? पोर दिवसभर दाराकडेच बघत बसतं. आई जाताना दिसू दे त्याला."

मला असा राग आला! लेक माझी, आणि या मला शिकवणार. पण घरी आंघोळीला गेले तर लेक बाथरूमच्या दाराला चिकटून बसली. रोजच बसायची. ही बाई कधीही गायब होते, हे तिला मीच शिकवलं होतं.

दार खोडलं. त्याऐवजी पुढे फाटकाच्या बाजूला खिडकी काढली, जमिनीपासून हातभर उंचीवर. बांधून झाल्यावर ऐटीत गुडघ्यांवर बसून बाहेर पाहिलं, तर समोर नुसती कंपाउंडची भिंत. वाट लागली! खिडकी पोरांच्या मापाची केली आणि भिंत विसरले. मावशी पोट धरून हसल्या. भिंतीचा तेवढा भाग पाडून जाळी बसवली.

नव्या इमारतीतल्या पहिल्या सकाळी लेकीला सांगितलं, आई आता जाते, संध्याकाळी येते. ती रडलीच. मी फाटकाबाहेर जाऊन उभी राहिले. ती खिडकीशी आली, गजांना नाक लावून. मी हात हलवला, तिने हलवला, पुन्हा मी, पुन्हा ती. माझा पाय निघेना.

शेवटी तीच कंटाळली. "आई, जा ना आता," म्हणाली आणि खेळायला पळाली. मी रिक्षात बसून घाटकोपर येईपर्यंत रडले.