खोका कुठून बघायचा

दूध लागोपाठ दोनदा करपलं आणि मुलाने ठरवलं, आईचं डोकं तपासून घ्यायचं. मी नापास झाले तर गॅस सुनेच्या हाती. सून सेकंड शिफ्ट करून येते, उशिरा उठते. म्हणजे माझा पहाटेचा चहा गेला.

निगडीच्या दवाखान्यातली डॉक्टरीण माझ्या नातीएवढी. वार, महिना, गाव, सगळं मी धडाधड सांगितलं. मग तिने कागदावर काढलेला एक खोका दाखवला. "आजी, शेजारी अस्साच काढा."

तळवड्याला पुठ्ठ्याचे खोके बनवण्यात माझा जन्म गेला. ही मला खोका दाखवतेय! चौथीपर्यंतची सगळी विद्या पणाला लावून मी काढला: चार बाजू ओळीने, वर झाकणाच्या पट्ट्या, खाली बुडाच्या. ऐटीत कागद पुढे सरकवला.

"हे काय, आजी?"

"खोका. अजून दुमडलेला नाही."

मुलाने कपाळावर हात मारला. "आई, दिसतोय तसा काढ ना!"

दिसत होतं ते भलतंच. पुढच्या बाजूतून मागच्या रेघा दिसत होत्या.

"हा काचेचा आहे का?"

"नाही हो, नुसता खोका आहे."

मग पलीकडचं कसं दिसेल? मी एक चौकोन काढून मोकळी झाले.

"आणि बाकीचा खोका?"

"मागे आहे."

डॉक्टरीण हसू दाबत म्हणाली, "जरा कोपऱ्याकडून बघा." मी उठले आणि टेबलाच्या कोपऱ्याशी जाऊन उभी राहिले. तिथूनही कागद तो कागदच.

मुलगा आपल्या मांडीवर बोटाने रेघा ओढून मला दाखवू लागला. मी चोरून बघत काढायला लागले.

"दादा, परीक्षा त्यांची आहे," डॉक्टरीण म्हणाली.

जन्मात एकदा कॉपी केली, तीही पकडली गेली. आणि खोका आला तो ट्रकखाली सापडल्यासारखा.

खोक्याला शून्य, बाकी ठीक. "गॅस राहू द्या त्यांच्याकडे," ती मुलाला म्हणाली. "सहा महिन्यांनी परत आणा. तेव्हा बघू."

तेव्हापासून पहाटे चहा उकळेपर्यंत मी जुन्या कॅलेंडरच्या मागे खोका काढत बसते. मागचा कोपरा काही केल्या मागे जात नाही. परवा तो जवळजवळ गेला होता, तेवढ्यात जळका वास आला. चहा आटून पातेलं काळं ठिक्कर. सून उठायच्या आत घासून ठेवलं.