मंद दिवा

माझे बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. मांडवीतल्या आमच्या घराच्या पडवीत, खिडकीला लागून त्यांचं टेबल होतं. उजव्या डोळ्याला भिंग लावून ते त्यावर वाकले की दोन-दोन तास मान वर व्हायची नाही. दुकान कधी घातलं नाही. गिऱ्हाईक पडवीच्या पायरीवर बसायचं आणि काम होईपर्यंत गप्पा मारायचं.

ऐंशी सालानंतरची ती वर्षं. संध्याकाळ झाली की लाईट जायची, पावसाळ्यात तर हमखास. कंदिलाच्या उजेडात घड्याळाचं काम होत नाही. माझा थोरला भाऊ जहाजावर इलेक्ट्रिशियन होता. एकदा सुट्टीवर आला तेव्हा दादाने ट्रकची बॅटरी रिक्षात घालून घरी आणली. ती टेबलाखाली फळीवर ठेवली, शेजारी स्वतः जोडलेला चार्जर ठेवला आणि टेबलावर बारा व्होल्टचा एक दिवा टांगला.

"हिच्यावर तुझं लक्ष हवं," दादा मला म्हणाला. मी तेव्हा कॉलेजात होते. त्याने सहाही बुचं उघडून आतलं पाणी दाखवलं. "पाणी प्लेटींच्या खाली जाता नये. आणि घालायचं ते बाटलीतलं डिस्टिल्ड वॉटर. दुसरं काही नाही."

तो जहाजावर परत गेला. वर्षभर बॅटरी छान चालली. लाईट गेली की मी बटण दाबायची, बाबांच्या हातांवर पिवळा उजेड पडायचा, आणि आळीतले दोघे-तिघे तेवढ्या उजेडाला येऊन बसायचे.

पुढच्या पावसाळ्यात पाणी फार लवकर आटायला लागलं. चार्जर आपोआप बंद होणारा नव्हता आणि आम्ही तो दिवसरात्र चालू ठेवायचो. त्यामुळे आतलं पाणी खदखदायचं, पडवीत आंबूस वास सुटायचा. ते कारण मला नंतर समजलं. एके दिवशी बाटली संपली. बाहेर धो धो पाऊस. मी विहिरीचं पाणी फडक्यातून गाळलं आणि ओतलं. दिवा लागला. मग पुढच्या खेपेलाही तेच केलं, त्यापुढच्याही.

गणपतीच्या सुमाराला बाबा म्हणाले, "दिवा मंदावलाय गो."

खरोखरच मंदावला होता. बॅटरीच्या टोकांवर हिरवट पांढरी बुरशी चढली होती. मी गरम पाणी आणि सोडा घालून ती घासून काढली, व्हॅसलीन लावलं. दिवा अर्धा तास लागला आणि विझला. एस.टी. स्टँडजवळचा बॅटरीवाला आला. त्याने काचेच्या नळीने एकेका बुचाखालच्या घरातलं पाणी ओढून आतला तरंगता काटा पाहिला.

"दोन घरं मेली. बाकीच्या प्लेटींवर पण पांढरं धरलंय. विहिरीचं पाणी घातलंत काय?"

मी मान खाली घातली. बाबा एवढंच म्हणाले, "माझ्याकडं पण येतात अशी घड्याळं. तेल म्हणून लोक खोबरेल घालतात." आणि पुन्हा भिंग लावून वाकले. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

नवी बॅटरी आली. तिला मी तळहाताच्या फोडासारखं जपलं. भिंतीवर कॅलेंडर लावून पाणी घातलेल्या दिवसांवर खुणा केल्या. चार्जर किती तास चालवायचा ते दादाला पत्रातून विचारून घेतलं. तरीही दोन-तीन महिन्यांत बाबा म्हणाले, "परत मंदावला."

मला दिवा नेहमीसारखाच दिसत होता. पण एकदा माझ्या हातून बॅटरी गेली होती. या खेपेलाही माझंच काहीतरी चुकलं असणार, असं मी धरून चालले. टोकं घासली. बॅटरीवाल्याला बोलावलं. त्याने काटा पाहिला.

"ठणठणीत आहे बॅटरी."

"मग उजेड का कमी?" बाबांनी विचारलं.

"वायर बारीक असेल."

आम्ही वायर बदलली. दिवा वीतभर खाली आणला. मग मोठा दिवा लावला. तो बॅटरी इतकी ओढायचा की तासाभरात ती पार रिकामी व्हायची. रोज अशी तळापर्यंत रिकामी होऊन तीही बॅटरी सहा महिन्यांत खंगली. बाबांचं म्हणणं खरं ठरल्यासारखंच झालं. आम्ही तिसरी आणली.

या दिवसांत काय काय होत होतं ते आता एकापुढे एक दिसतं. बाजूला ठेवलेला चहाचा कप बाबांच्या कोपराने सांडायचा. उंबऱ्याला ठेच लागायची. आई म्हणायची, "लक्ष कुठं असतं हो तुमचं?" संध्याकाळचं जेटीवर जाणं त्यांनी सोडलं होतं, गुडघे दुखतात म्हणाले. पण घड्याळं अजून बिनचूक दुरुस्त व्हायची. केसाएवढी स्प्रिंग ते चिमट्याने अलगद बसवायचे. अशा माणसाच्या डोळ्यांबद्दल कुणाला शंका येणार?

मे महिन्यातली दुपार होती. अंगणात डोळे दिपतील असं ऊन होतं. बाबा टेबलाशी होते, डोक्यावर घरचा नेहमीचा बल्ब जळत होता. मी आमसुलं वाळत घालून आत आले तेव्हा ते म्हणाले, "लाईट गेली वाटतं. बॅटरी लाव गो."

मी तिथेच उभी राहिले. बल्बकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"बाबा, लाईट आहे."

त्यांनी भिंग काढलं. मान इकडून तिकडे फिरवून बल्ब शोधला. तो समोर सापडल्यावर बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मग भिंग डबीत ठेवलं आणि डबी बंद केली.

दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी खूप वेळ तपासलं. काचबिंदू होता. नजर कडेकडेने आत खात आला होता. मधला एवढासा तुकडा उरला होता, भिंगातून बघण्यापुरता. त्यामुळे काम चालू होतं आणि कुणाला काही कळलं नव्हतं.

"किती दिवस कमी दिसतंय?"

"दीडेक वर्ष," बाबा म्हणाले. "आम्हाला वाटलं, बॅटरीचं काहीतरी आहे."

डॉक्टरांनी चिठ्ठी लिहायला घेतली. "गेलेली नजर परत येत नाही. उरलेली टिकते का पाहू."

थेंब सुरू झाले. मुंबईला नेऊन ऑपरेशनही केलं. उरलेला तुकडा दोन वर्षं पुरला, तोही धूसर होत होत.

दादा जहाजावरून आला तो थेट पडवीत गेला आणि मीटर काढून बसला. बॅटरी तपासली, चार्जर उघडला, वायरी बोटांनी चाचपल्या. मी शेजारी उभी होते.

"सगळं बरोबर आहे," तो म्हणाला. "तू सगळं बरोबर केलंयस." आणि तिथेच फरशीवर, गुडघ्यात डोकं घालून बसून राहिला.

काही गिऱ्हाईकं सवयीने येत राहिली. बाबा घड्याळ कानाशी धरायचे, काय बिघडलंय ते सांगायचे, आणि बाजारातल्या दुसऱ्या माणसाकडे पाठवायचे. पुढे लोक आधीच तिकडे जाऊ लागले. टेबल भिंतीला सरकवलं. आई त्याच्यावर पापड वाळत घालायला लागली.

लग्न होऊन मी खेडला गेले. एकदा माहेरी आले असताना धीर करून विचारलं, "बाबा, मी त्या बॅटरीच्या मागे लागले नसते, आधीच डॉक्टरांकडे नेलं असतं तर?"

बाबा खुर्चीत बसले होते, चेहरा समुद्राच्या वाऱ्याकडे केलेला.

"मला तरी कुठं कळलं होतं," ते म्हणाले. मग दोन्ही हात काखेत घेत, "ऊन कलंडलं असेल ना? गार लागतंय. खुर्ची आत घे."

मी त्यांचा हात धरून त्यांना उठवलं. ऊन अजून त्यांच्या पायांवर होतं.