आईची उलटतपासणी

"बाई, त्यानं तुझी जातच सांगितली ना? खोटी सांगितली का?"

आरोपीच्या वकिलानं विचारलं आणि जळगावच्या कोर्टात हशा पिकला. साक्षीच्या पिंजऱ्यात माझी आई उभी होती. मी मागच्या बाकावर, शाळेच्या ड्रेसमध्ये.

एरंडोलजवळच्या आमच्या गावात आई केळीच्या बागेत मजुरीला जायची. एका दुपारी ती विहिरीवरच्या मोटारीच्या धारेखाली ओंजळ धरून पाणी प्याली. मालकाच्या पुतण्यानं जातीवरून घाण शिव्या दिल्या, चप्पल काढून मारलं. सगळ्या मजुरांसमोर. आईनं केस केली. मजूर एकेक करून मागं सरले. आई सरली नाही.

पिंजऱ्यात ती आमच्या अहिराणीत सांगू लागली, "तेनी चप्पल काढी, माले मारं. बठ्ठास्नी दखं." सगळ्यांनी पाहिलं, म्हणत होती.

"मराठीत बोल. इथं कोणाला कळतंय?" वकील म्हणाला. पुन्हा हशा.

आईनं सरकारी वकिलांकडे पाहिलं. ते आमच्या बाजूचे. त्याच सकाळी व्हरांड्यात ते तिला पहिल्यांदा भेटले होते, उभ्या उभ्या. "विचारलं तेवढंच बोलायचं," एवढंच म्हणाले होते. आता ते उठतील, असं मला वाटलं.

ते हसत होते. तोंडाला रुमाल लावून.

आई गप्प झाली. पुढच्या एकाही प्रश्नाला तिनं उत्तर दिलं नाही. आरोपी सुटला.

त्यानंतर घरातही बोलता बोलता ती मधेच थांबायची. आमच्या तोंडाकडे बघायची. कोणी हसतंय का, ते. भाकरी वाढताना. शेजारणीशी बोलताना. शेवटी दवाखान्यात, कुठं दुखतंय ते डॉक्टरला सांगतानाही. अर्धं वाक्य तोंडातच ठेवून ती गेली.

मी धुळ्याला वकिली शिकले. पुराव्याचा कायदा शिकवताना सर सहज बोलून गेले, साक्षीदाराचा अपमान करायला विचारलेला प्रश्न कोर्टानं मना करायचा असतो. पोरी लिहून घेत होत्या. मी पेन खाली ठेवलं. म्हणजे त्या दिवशीही हा कायदा होता. एका माणसानं उठायला हवं होतं, बस.

मी सरकारी वकील झाले. तरी कोणतीही बाई साक्षीला उभी राहिली, की मला आईची खाली गेलेली मान दिसते. अजून.

नवे फौजदारी कायदे आले, तेव्हा आम्हा सरकारी वकिलांसाठी जळगावात मार्गदर्शनाचा वर्ग झाला. मार्गदर्शक मोठे, नावाजलेले. "खेड्यातल्या बाया फितूर होणारच. त्यांच्यावर वेळ घालवू नका," ते म्हणाले. मग त्यांनी अशा बाईची नक्कल केली. आवाज बारीक करून. "सायेब, माले काहीच माहीत नई!"

हॉल हसला. माझ्या शेजारची मैत्रीणसुद्धा.

तोच हशा. मी उठले.

"सर, ती माझ्या आईची भाषा आहे."

"मॅडम, भावनिक होऊ नका. मी कायदा सांगतोय."

"मीही कायदाच विचारतेय. साक्षीआधी त्या बाईला आपल्यापैकी कोणी नीट भेटलं होतं का? तिला हसले, तेव्हा हरकत कोणी घेतली?"

त्यांनी घड्याळ पाहून चहाची सुट्टी दिली. चहाच्या वेळी माझ्याजवळ कोणी उभं राहिलं नाही. मैत्रीण तेवढी येऊन म्हणाली, "कशाला त्यांच्याशी वाकडं घेतेस?"

पुढं माझी बदली झाली. कारण कोणी सांगितलं नाही.

आता मी शिंदखेड्याच्या कोर्टात आहे. गेल्या आठवड्यात एका भिल्ल बाईची साक्ष झाली. मुकादमानं तिच्या अंगावर हात टाकला होता. मी आधीच तिच्याशी बसून बोलले होते. तुझ्या बोलीतच सांग, म्हणाले होते. समोरच्या वकिलानं तिच्या लुगड्यावरून वाकडा प्रश्न काढला. मी हरकत घेतली. त्यानं फिरवून पुन्हा तेच विचारलं. मी पुन्हा उठले.

"मॅडम, दरवेळी उठणार का?"

"दरवेळी."

निकाल अजून लागायचाय. आरोपी सुटेलही. सुटला तर अपिलाचा प्रस्ताव पाठवीन. तो दाबला तर पुन्हा पाठवीन. आणि बदली करायची तर खुशाल करा. जिथं टाकाल, तिथल्या कोर्टातही बाया साक्षीला येतच असतील.